पत्र्याची आठ विमानं

विमानं आठ होती. पंख सोळा, शेपट्या आठ, सुकाणूची चाकं सात. एका विमानात दोन मुलं, म्हणजे बसायच्या जागा सोळा. पत्र्याचे सुटे भाग मोजले ते दोनशे शेहेचाळीस भरले. रिव्हेटा एक हजार एकशे बारा, आणि रिव्हेट निघून जाऊन नुसतं भोक उरलंय अशा जागा एकसष्ट. रंगाचे थर कुठे चार, कुठे सात. सगळ्यात वरचा निळा.

ईश्वरी लोहारने एवढं टॅबवर टिपलं आणि मान वर केली. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ती ज्या कारखान्यात नोकरी करत होती, त्याच्या मागच्या शेडमध्ये विमानं ओळीनं जमिनीवर उतरवून ठेवली होती. रविवार असल्यामुळे यंत्रं बंद होती. खांब नाही, हात नाहीत, दिव्यांच्या माळा नाहीत. जमिनीवर ठेवलेलं विमान तिच्या कमरेलाही येत नव्हतं. अगदी लहानपणी यात चढायला तिला खाली कुणाचा तरी गुडघा लागायचा.

"अण्णा, आठवं चाक कुठंय?"

"म्हसवडला गेलं," तिचे वडील भानुदास लोहार म्हणाले. "कुणीतरी खोलून न्हेलं. कुठल्या गाडीला लावलं आसंल, आन् ती गाडी कुठं वळतीय, देवाला ठावं."

भानुदास लोहारांचा विमानांचा पाळणा तीस वर्षं सांगली-साताऱ्याच्या जत्रांतून फिरला. मधोमध खांब, खांबाला आठ हात, हातांच्या टोकाला आठ विमानं. मोटर सुरू झाली की विमानं हळूहळू वर उठत आणि गोल फिरत. तिकिटांच्या टेबलाशी ईश्वरीची आई, कुसुम. मोटरीच्या खटक्याशी अण्णा. आणि ईश्वरी कुठल्या तरी रिकाम्या विमानात, बहुतेक वेळा पाचव्यात, दप्तर उशाला घेऊन झोपलेली. तिची पाढ्यांची पाठांतरं, गोवर, पहिला पडलेला दात, सगळं या विमानांच्या आसपास झालं होतं.

चार वर्षांपूर्वी जत्रेतल्या पाळण्यांसाठी नवा कायदा आला. प्रत्येक भागाचं संगणकातलं मॉडेल हवं, प्रत्येक पत्र्याचं उरलेलं आयुष्य मोजलेलं हवं आणि पूर्ण भार घालून फिरवल्यावर खांबाचं टोक तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डोलता कामा नये. विमानांचे पत्रे आयुष्याच्या चाचणीत नापास झाले. खांब आणि हात जाड लोखंडाचे, ते पास झाले. तेव्हापासून सगळा पाळणा विट्याला घरामागे ताडपत्रीखाली पडून होता. यंदा खरसुंडीच्या जत्रेच्या समितीने अण्णांची जुनी जागा राखून ठेवली होती, पण तपासणीच्या दाखल्याशिवाय नाही. दाखला मिळाला नाही तर ती जागा ड्रोनवर बसवून पोरांना फिरवणाऱ्या एका कंपनीला जाणार होती.

"मग भंगारवाल्याला बोलवायचा," अण्णांनी सांगून टाकलं होतं. "घरामागं ठिवून त्याला रोज बघत बसायचं, हे मला आता जमत न्हाई."

म्हणून ईश्वरीने विमानं कुपवाडला आणवली. नवा पत्रा कापून जशीच्या तशी विमानं पुन्हा करायची, असं तिनं ठरवलं होतं. जशीच्या तशी, हा शब्द तिचा.

ते करता येण्यासारखं होतं, कारण कारखान्यात घडीमोड होतं.

पत्रा वाकवला की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. दोन्हींच्या मध्ये एक पातळ थर असा असतो, की ज्याची लांबी बदलत नाही. तो थर नेमका किती खोलीवर आहे हे कळलं, तर वाकवलेला पत्रा सपाट असताना केवढा होता हे काढता येतं. पत्रा कापणाऱ्या लेझरला सपाट आकारच द्यावा लागतो. त्याला डबा कळत नाही, डब्याचा उलगडलेला कागद तेवढा कळतो. आजवर हा हिशेब नव्या वस्तूंसाठी व्हायचा. जुन्या वस्तूचं काय? तिथं घडीमोड आलं. पोलादाजवळ चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदललं, तर पोलादाच्या आत फार बारीक करकर होते. ताणलेल्या जागी ती वेगळी, दबलेल्या जागी वेगळी. हातात मावणारं हे यंत्र पत्र्यावरून फिरवलं की ती करकर ऐकतं आणि सांगतं, की ही घडी इतक्या अंशांची, ही आधी पडली, ती नंतर, ही दाबयंत्रावर केलेली, ती हातोडीने. मग संगणक वस्तूचे भाग वेगळे करतो, एकेक भाग उलटा उलगडत नेतो, कोपऱ्यांना खाचा देतो, जोडायला जिभा ठेवतो, किरणाच्या जाडीएवढी सूट धरतो आणि सगळे तुकडे मोठ्या पत्र्यावर बेतून देतो.

फक्त एक गोष्ट त्याला ठरवता येत नाही. आकारात जिथे जिथे वेडंवाकडं काही आढळेल, तिथे तो थांबून विचारतो: रचना की इजा? म्हणजे हे असं करायचंच होतं, की नंतर लागलं? स्वतःचा अंदाज तो टक्क्यांत देतो, पण उत्तर माणसानेच द्यायचं.

ईश्वरीचं काम हेच होतं. दोन वर्षांत जुन्या पत्र्याच्या वस्तू नव्याने करून घ्यायची मोठी हौस लोकांना लागली होती. कुणी आजोबांची ट्रंक आणे, कुणी आईचा पिठाचा डबा, कुणी बंद पडलेल्या थिएटरच्या तिकीटखिडकीची जाळी. आणि प्रत्येकाला तिच्यावरचे पोचे हवे असत. पोचे नसले तर ती आजोबांची ट्रंक कसली? लेझर पत्र्यावर केसाएवढ्या रेघा कोरून देई आणि दाबयंत्र त्या रेघांवर पोचा उठवी. नवी वस्तू जुन्या जखमांसकट जन्माला येई. ईश्वरीला या कामाची इतकी सवय झाली होती, की यंत्राने विचारलं की तिचं बोट आपसूक 'रचना'वर जाई.

पाचवं विमान तिनं आधी घेतलं. दोनशे अकरा प्रश्न आले. नाकावर पोचा: इजा, नव्वद टक्के. तिनं 'रचना' दाबलं. पंखाची कड मुरडलेली: इजा, पंच्याऐंशी. रचना. मग डाव्या बाजूला, बैठकीखाली, हातभर लांब एक खोल घडी. आत पाय रोवायला बरोबर जागा. ईश्वरीला ती घडी डोळे मिटून काढता आली असती. चढताना डावा पाय तिथं, उजवा आत. यंत्राने लिहिलं: शेवटी पडलेली घडी, एकाच आघातात, वरून खाली. इजा, सत्त्याण्णव टक्के.

"तुला काय माहीत?" ती यंत्राला म्हणाली आणि तिनं 'रचना' दाबलं.

पुढच्या रविवारी अण्णा आले तेव्हा पाचव्या विमानाचे तुकडे कापून, वाकवून, जोडून तयार होते. अजून रंग नव्हता. पत्रा लखलखत होता आणि त्याच्यावर तीस वर्षांचे सगळे पोचे जिथल्या तिथे होते.

अण्णा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. नाकावर हात फिरवला. मग हसायला लागले.

"काय झालं?"

"ईशे, नवी गाडी घेताना कुणी पोचा मागून घेतं का गं?"

"गिऱ्हाईकं घेतात. रांग लागते."

"गिऱ्हाईकं घेत्यात, त्यास्नी ती गाडी चालवायची नसती." ते पंखापाशी वाकले. "ही कड कराडच्या पुलावर ट्रकचा कठडा घासला तवाची. ह्यो पोचा एका दारुड्यानं लाथ घातली त्याचा. पुसेगावात. आदल्या दिवशी रंग दिलेला. रात्री मी जेवलो न्हाई. आन् तू ते परत करून आणलंस?" हसू अजून तोंडावर होतं, पण आवाजात नव्हतं. मग त्यांची नजर बैठकीखालच्या घडीवर गेली. 

"ती पायरी आहे," ईश्वरी म्हणाली. "चढायची."

"पायरी?"

"मी तिच्यावर पाय देऊनच चढायचे की."

"तू चढायचीस. आधीच पडलेली हुती, म्हणून चढायचीस." ते उलट्या घातलेल्या बादलीवर बसले. "ह्या विमानाला खांबाच्या हाताशी धरणारी पिन निसटली एकदा. दिघंचीला. तू दोन वर्षांची आसशील. वर नव्हतं, उतरत हुतं, म्हणून वाचलो. आत एक पोरगी हुती, परकर-पोलक्यातली, तिचा हात मोडला. तुझी आई दवाखान्यात तिच्या आईबरोबर बसून राहिली. पोरीचा हात जुळला, पण तवापास्नं फेरी सुरू करायच्या आधी मी आठी पिना हातानं वडून बघायला लागलो. त्या घडीवर मी किती हातोडी मारली, पर ती काय निघंना. रंग लावला की झाकती, म्हणून रंग लावत गेलो."

ईश्वरीने त्या घडीकडे पाहिलं. नवी कोरी, सुबक, तिने स्वतः कोरून घेतलेली.

"यंत्रानं सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "एकाच आघातात, म्हणून."

"मग यंत्राचं ऐकायचं की."

एवढंच ते बोलले, पण तिला ते लागलं. घरी जाताना आधी लाज वाटली, मग राग आला, आणि राग कुणावर काढायचा ते न कळल्यामुळे तो सगळ्या विमानांवर निघाला. सोमवारी कामावर जाताच तिनं आठही विमानांची मॉडेलं उघडली. पहिलं विमान सगळ्यांत कमी वेडंवाकडं होतं. ते सरळ करून घेतलं. बाकी सातांच्या सगळ्या प्रश्नांना एकाच वेळी उत्तर दिलं: इजा. सगळं इजा. एका विमानाची आठ केली. लेझरने ती बिनचूक कापली. अण्णांना फोटो पाठवला, तेव्हा त्यांचं उत्तर आलं, "आत्ता कसं! शोरूममधनं आणल्यागत."

विट्याच्या बाजारपटांगणावर चाचणी झाली. जिल्ह्याच्या कचेरीतून डोईफोडे नावाच्या निरीक्षक बाई आल्या होत्या. प्रत्येक विमानात मुलांच्या वजनाएवढी वाळूची पोती ठेवली. खांबाच्या टोकाला मोजणीचा डबा बसवला. अण्णांनी नवा सदरा घातला होता. त्यांनी आठही पिना ओढून पाहिल्या आणि खटका दाबला.

विमानं उठली. पहिल्या चार फेऱ्या सुंदर झाल्या. मग वेग वाढला आणि खांब बारीक थरथरायला लागला. पाटावर ठेवलेल्या आईच्या चहाच्या कपात गोल लाटा उठल्या.

"पाच पूर्णांक सहा," डोईफोडे बाई म्हणाल्या. "तीनच्या आत पाहिजे."

"बाई, विमानं तर एकसारखी हाईत! आधी आठ आठ तऱ्हेची हुती, तवा कवा हालला न्हाई खांब."

"तेव्हा मोजत नव्हतं कुणी, काका."

"मोजत नव्हतं, पर कप भरून च्या ह्याच पाटावर ठिवलेला आसायचा की. काय गं?"

"व्हय," आई म्हणाली. "सांडायचा तो तुमच्या धक्क्यानं. खांबानं न्हाई."

डोईफोडे बाई हसल्या, पण कागदावर आकडा तोच राहिला. जत्रेआधी आणखी एक चाचणी देता येईल, म्हणाल्या. एकच. आणि सुटी वजनं बांधून चालणार नाही. फिरताना सुटली तर बंदुकीच्या गोळीसारखी जातात. जे काही करायचं ते विमानाच्या मॉडेलमध्ये, पत्र्यात, जिभांनी जोडलेलं.

त्या संध्याकाळी ईश्वरीने टेप घेऊन खांबाचे हात मोजले. हेच तिनं आधी करायला हवं होतं. तिनं विमानं एकेकटी मोजली होती, एकेकटी उलगडली होती, एकेकटी दुरुस्त केली होती, आणि ती कशाला लटकतात हे विचारलंच नव्हतं. हात पास झाले होते, म्हणून तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. आठ हात एका लांबीचे नव्हते. सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत आखूड यांत एकवीस मिलिमीटरचा फरक होता.

फिरताना तोल राहायचा तर लांब हाताला हलकं विमान लागतं, आखूड हाताला जड. कुठल्या विमानाचं वजन किती वाढवायला हवं ते तिनं बसल्या बसल्या काढलं. दुसऱ्याचं, तिसऱ्याचं, सहाव्याचं आणि सातव्याचं. बाकीच्यांचं नाही.

मग ती घरामागे गेली. भंगारात जायच्या वाटेवर असलेली जुनी विमानं कुपवाडहून परत येऊन ताडपत्रीखाली होती. दुसऱ्याच्या तळाशी तिनं बॅटरी मारली. तळाला दुहेरी पत्रा होता. तिसऱ्यालाही. पाचव्याला नव्हता. सहाव्याला, सातव्याला होता.

यंत्राने त्या प्रत्येक पत्र्याबद्दल तिला विचारलं होतं. नंतर जोडलेला भाग, दुरुस्ती असावी. इजा, साठ टक्के. आणि तिनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं ओट्यावर टॅब मांडला. अण्णा एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला, पुढ्यात कुणाचं तरी पोलकं उसवत. पाळणा बंद पडल्यापासून आई कपडे शिवत होती.

"हे चार पत्रे तुम्ही बसवलेत," ईश्वरी म्हणाली. "खांब डोलू नये म्हणून. बरोबर?"

अण्णा पडद्यावर वाकले. "मला वाटलं, तळ गंजला म्हणून बसवलेत."

"गंज न्हाई काय," आई म्हणाली. "गंजला हुता चौथ्याचा. त्याला तुम्ही डांबर लावलंत. हे पत्रं पुसेगावास्नं आल्यावर बसवलं, मोटर बदलली तवा. वेग वाढला आन् खांब नाचायला लागला. तुम्ही रोज एकेका विमानात विटा ठिवून बघत हुता."

"विटा?"

"विटा! मला म्हणाला, कुसुम, चहा घेऊन पाटावर ठेव आन् हलतो का बघ. मी काय तिकिटं फाडू का कपाकडं बघू?"

अण्णांचा चेहरा हळूहळू उजळला. "व्हय की. विटांची वजनं करून तेवढा पत्रा घातला." ईश्वरीकडे वळून ते म्हणाले, "आन् मी फोटो बघून खूश झालो, सगळी एकसारखी झाली म्हणून. मलाच ठाऊक न्हाई मी काय केलं ते."

"मीही पुसून टाकलं होतं ते."

"रागानं?"

तिनं टॅबवर पहिला पत्रा उघडला.

"रागानं," आईने पोलक्याचा टाका दाताने तोडत उत्तर दिलं. "तुमच्यावरच गेलीय."

मग त्यांनी चारही पत्रे एकेक करून पाहिले. दुसऱ्याचा सरळ होता. तिसऱ्याच्या कोपऱ्यातली खाच अण्णांनी 'रचना' म्हणून ठासून सांगितली. यंत्राने दाखवलं की ती फाट आहे, वीस-एक जत्रांच्या थकव्याने पडलेली. अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "मग आसंल." सहाव्याच्या कडा आतून दुमडलेल्या होत्या. यंत्र म्हणालं, हात वेगळा. ती आई होती. पोरांच्या पोटऱ्यांना पत्रा लागू नये म्हणून तिनं सांडशीने, शिवणीला दुमड घालावी तशी, ती कड वळवली होती. ते तिघेही लगेच 'रचना' म्हणाले.

सातव्या पत्र्यावर यंत्र अडलं.

मागच्या कडेवर लहान लहान ठोके होते, तेवीस. हलक्या हाताचे, वेड्यावाकड्या ओळीत. त्यांच्यामुळे कड सपाट बसत नव्हती, तळापासून कागदाएवढी उचललेली राहत होती. तिसरा हात, यंत्राने लिहिलं. रचना एकावन्न टक्के, इजा एकोणपन्नास.

"ही तू," अण्णा म्हणाले.

"मी?"

"तुझ्या शाळेला सुट्टी हुती. मला हातोडी दे म्हणून मागं लागलीस. म्हटलं, हा शेवटचा पत्रा हाय, मार. कडंला मार म्हटलं, तर तू सगळीकडं मारत सुटलीस."

"आन् मग ते सातवं खुळखुळायला लागलं," आई म्हणाली.

खुळखुळणं! ते तिला एकदम आठवलं. आठवलं म्हणजे कानात ऐकू आलं. फिरताना वेग वाढला की सातव्या विमानाच्या तळातून खुळ-खुळ-खुळ असा आवाज यायचा, आणि पोरं म्हणायची, ह्याचं इंजिन चालू आहे. बाकीच्या सात विमानांना इंजिनं नव्हती. सातव्यासाठी भांडणं व्हायची. जावळ काढलेली, टोपरं घातलेली पोरंसुद्धा बोट दाखवून तेच मागायची. आई तिकीट देताना दटावायची, सातवं एकाच विमानाचं नाव हाय, समद्यास्नी कुठनं आणू?

"मी तर विसरलेच होते," ईश्वरी म्हणाली. "मी सगळे पोचे जपले आणि हा आवाज विसरले."

"ठेव की मग तो," अण्णा लगेच म्हणाले. ठेवलेल्या पोच्यांवरून तिला हसणारे हेच अण्णा.

ईश्वरीने हिशेब मांडला. चारही पत्रे सपाट बसले, तर खांबाचं टोक अंदाजे अडीच मिलिमीटर डोलेल. सातव्याची कड अशीच उचललेली ठेवली, तर तो पत्रा दर फेरीला थोडा सरकेल, आणि त्याने शून्य पूर्णांक तीनची भर पडेल. कदाचित चारची. जिभांनी धरलेला असल्यामुळे तो निसटणार नव्हता. आयुष्यावर परिणाम नव्हता. मुलांना धोका नव्हता. धोका होता तो फक्त दाखल्याला. आणि चाचणी एकच उरली होती.

तिनं हे सगळं दोघांना सांगितलं.

 अण्णांनी खरसुंडीच्या जागेचा विचार केला असावा, कारण त्यांची नजर अंगणापलीकडे ताडपत्रीकडे गेली. "एवढं काठावर कशाला जायचं," ते म्हणाले. "जत्रा गेली तर तो आवाज तरी कुणाला ऐकवायचा?"

"स्कॅन राहील," ईश्वरी म्हणाली. "सगळं साठवलेलं राहील. ठोकेसुद्धा."

"त्यात बसता येतंय का?" आईने विचारलं.

 अंगणात कोंबडी पत्र्यावर चोच मारत होती.

"अण्णा, तुम्ही सांगा. पाळणा तुमचा आहे."

"ते यंत्र मला विचारतंय का?" अण्णांनी टॅब तिच्याकडे सरकवला. "ते तुला विचारतंय. ठोकं तू मारलेलं हाईत. करायचं हुतं का लागलं, ते तुलाच ठाऊक."

ईश्वरी पडद्यावरच्या तेवीस ठिपक्यांकडे बघत राहिली. आपण तेव्हा काय करायला निघालो होतो, हे तिला काही केल्या आठवेना. कड बसवायला, की नुसतं वाजवायला? एक मात्र आठवलं. ठोके मारून झाल्यावर अण्णांनी पत्रा उलटा करून पाहिला होता, आणि काही न बोलता तो तसाच बसवला होता.

तिनं 'रचना' दाबलं.

खरसुंडीच्या जत्रेच्या आधीच्या आठवड्यात दुसरी चाचणी झाली. चारही तळपत्रे नवे होते, जिभांनी धरलेले. सहाव्याच्या कडा दुमडलेल्या. सातव्याच्या कडेवर लेझरने कोरून दाबयंत्राने उठवलेले तेवीस ठोके. डोईफोडे बाईंनी पोती मोजून घेतली, मोजणीचा डबा बसवला. अण्णांनी आठही पिना ओढून पाहिल्या. आईने यावेळी चहा पाटावर ठेवला नाही, हातातच धरून ठेवला.

विमानं उठली. वेग वाढत गेला. पाचव्या फेरीला खुळ-खुळ सुरू झालं.

"हे काय वाजतंय?" डोईफोडे बाईंनी विचारलं.

"मॉडेलमध्ये आहे," ईश्वरी म्हणाली. "सातव्याचा तळ. भाग क्रमांक दोनशे त्रेचाळीस. रचना."

बाईंनी मॉडेल उघडून भाग शोधला, वाचला, मान हलवली आणि डब्याच्या पडद्याकडे पाहत राहिल्या. अण्णा खटक्यापाशी उभे होते, हात खटक्यावर, तोंड वर. पटांगणाच्या कुंपणाला शाळेतून परतणारी चार-पाच पोरं येऊन चिकटली होती, आणि त्यांतली एक मुलगी सातव्या विमानाकडे बोट दाखवून दुसरीला काहीतरी सांगत होती.

ठरलेल्या वीस फेऱ्या पूर्ण झाल्या. विमानं खाली आली. डोईफोडे बाईंनी आकडा कागदावर लिहिला आणि कागद ईश्वरीकडे दिला.

पूर्ण भार, पूर्ण वेग, खांबाच्या टोकाचं कमाल डोलणं: २.९ मिलिमीटर.